बाबांची सत्तावीस आणि मित्राची पस्तीस

एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते लांब आहे, म्हणून थोडक्यात देतो.

"वडील गेल्यानंतर कपाटावरून त्यांची एअर रायफल खाली काढली. डायना मॉडेल 27, कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, 5.5 मिमी. बाबांनी ती कधी घेतली हे घरात कुणालाच नक्की माहीत नाही. नळीवर गंजाचे ठिपके आहेत, दस्त्याचं पॉलिश डाव्या बाजूला पार उडालं आहे. माझ्या मित्राकडे वाइराउखची एचडब्ल्यू 35 आहे, 4.5 मिमीची. आम्ही दोघांनी क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, दहा-दहा छर्रे मारून पाहिले. त्याची सेकंदाला 652 ते 668 फूट आली, माझी 418 ते 466. तो म्हणतो, तुझी रायफल आता भिंतीवर लावायच्याच लायकीची आहे. मी तिला जास्त ताकदीची स्प्रिंग बसवून घ्यावी, नळीला नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर काळा थर) करावं आणि दस्ता घासून नव्याने पॉलिश करावा, असं ठरवतो आहे. या निमित्ताने जुन्या स्प्रिंगच्या रायफली जमवायचाही नाद लागला आहे. सुरुवात कशी करावी?"

सोबत चार फोटो आहेत.

सप्रेम नमस्कार. ठरवलेल्या तिन्ही गोष्टी तूर्त थांबवा. स्प्रिंग, ब्लूइंग, पॉलिश, कशालाच हात लावू नका. का, ते सांगतो.

आधी मित्राच्या दाव्याकडे वळू, कारण मनाला लागलंय ते तिथेच. 5.5 आणि 4.5 या दोन कॅलिबरांचा वेग शेजारी ठेवून तुलना करताच येत नाही. तुमचा छर्रा साधारण 14 ग्रेनचा असेल, त्याचा 8 ग्रेनचा. जड छर्रा हळू जाणार, हे उघड आहे. वेगाऐवजी ऊर्जा काढून बघा. छऱ्याचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 450240. उत्तर फूट-पौंडात येतं. तुमच्या रायफलीचा वेग 450 धरला तर 6.3 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 8.5 ज्यूल. त्याचा 660 धरला तर 7.7, म्हणजे सुमारे 10.5 ज्यूल. फरक आहेच, पण 450 विरुद्ध 660 वाचून छातीत धस्स होतं तेवढा नाही. एचडब्ल्यू 35 ही अंगापिंडाने मोठी रायफल आहे. जास्त वजनाची, कॉक करायला, म्हणजे स्प्रिंग दाबून चापावर अडकवायला, जास्त जोर लागणारी. तिने थोडी जास्त ऊर्जा दिली यात तुमच्या 27 ची काही कमतरता नाही.

तुमच्या पत्रातला मला महत्त्वाचा वाटलेला आकडा वेगळाच आहे. मित्राच्या दहा छऱ्यांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात वेगवान यांत 16 फुटांचा फरक आहे. तुमच्यात 48 चा. धडधाकट रायफल दर वेळी जवळपास तेवढीच हवा दाबते. एवढी चढउतार दिसली की हवा कुठूनतरी निसटते आहे असं समजायचं. म्हणजे तुम्ही एका ठणठणीत रायफलीची तुलना एका आजारी रायफलीशी केलीत, आणि आजाऱ्याला औषध द्यायच्या आधीच त्याचा निकाल लावून मोकळे झालात.

या जातीच्या रायफलीत स्प्रिंग छऱ्याला ढकलत नाही. स्प्रिंग पिस्टनला ढकलते, पिस्टन पुढची हवा दाबतो, ती हवा एका बारीक भोकातून छऱ्याच्या मागे येते. पिस्टनच्या तोंडाशी जो वॉशर असतो, सगळा डाव त्याच्यावर. तुमच्या रायफलीच्या काळच्या डायनात तो चामड्याचा असण्याची शक्यता मोठी आहे, आणि कपाटावर वर्षानुवर्षं पडून राहिलेलं चामडं सुकून आक्रसतं. दुसरी गळती नळीच्या सांध्यात, जिथे नळी मोडून आपण छर्रा भरतो तिथल्या बारक्या वॉशरची. तिची परीक्षा सोपी आहे. टिश्यू पेपरची चिंचोळी पट्टी सांध्यावर आडवी टाका आणि नेहमीसारखा छर्रा भरून सुरक्षित ठिकाणी निशाण्यावर मारा. पट्टी फडफडली किंवा उडाली, तर सांध्यातून हवा जाते आहे. तेवढा एक वॉशर बदलायचा, काम झालं.

पिस्टनच्या चामड्याला तेल द्यायचं. नळी मोडली की मागच्या तोंडावर हवेचं भोक दिसतं. त्यात सिलिकॉन चेंबर ऑइलचे चार-पाच थेंब, जास्त नाही. मग नळी मिटून, रायफल कॉक न करता, दस्ता खाली आणि नळीचं तोंड वर अशी रात्रभर उभी ठेवा. तेल उतरून चामड्यात मुरतं. हे तेल स्प्रिंगवर मात्र नको, धातूवर धातू घासतो तिथे सिलिकॉनचा उपयोग होत नाही. आणि साधं मशीन ऑइल हवेच्या भोकात कधीच नको. दाबाने हवा इतकी तापते की पेट्रोलियम तेल आतल्या आत पेट घेतं, डिझेल इंजिनासारखं. मोठा आवाज येतो, धूर निघतो, क्रोनोग्राफवर आकडा उंच उडी मारतो आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात वॉशर आणि स्प्रिंग मार खात असतात. सिलिकॉन दिल्यावरही पहिले काही छर्रे धूर काढतील. त्यामुळे तीसेक छर्रे होईपर्यंत आकडे लिहूच नका.

एवढं केल्यावर पुन्हा दहा छर्रे मोजा. माझा अंदाज आहे की सरासरी थोडी वर येईल आणि चढउतार बरीच खाली येईल. तरीही नाही आली, तर वॉशर बदलायची वेळ झाली.

आता जास्त ताकदीची स्प्रिंग. हा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता. पण रायफल किती हवा दाबू शकते हे सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचा प्रवास ठरवतात, आणि ते स्प्रिंग बदलल्याने बदलत नाहीत. जाड स्प्रिंग घातली की वेग जेमतेम वाढतो, कॉक करताना दम लागतो आणि पिस्टन पुढच्या भिंतीवर आदळायला लागतो. मॉडेल 27 ची खरी गोडी म्हणजे ती हलक्या हाताने कॉक होते आणि हलकेच सुटते. दिवसभर शंभर छर्रे मारले तरी खांदा भरून येत नाही. जाड स्प्रिंग घातली की ती गोडी संपली. शिवाय अनेक देशांत ऊर्जेवर कायद्याची मर्यादा आहे. जर्मनीत परवान्याशिवाय 7.5 ज्यूलपर्यंत, इंग्लंड आणि वेल्समध्ये रायफलीला 12 फूट-पौंडांपर्यंत. तुम्ही जिथे असाल तिथला नियम आधी वाचा, मग रायफल विकत घेणं, नेणं-आणणं, दुरुस्त करणं. जमवणाऱ्याने या बाबतीत ढिलाई करू नये.

जुनी स्प्रिंग बाहेर काढलीच, तर ती सपाट काचेवर लोळवून बघा. सरळ लोळली तर ठीक, लंगडत लोळली तर वाकली आहे आणि त्याच ताकदीची नवी हवी. छर्रा सुटल्यावर 'झण्ण' असा जो आवाज घुमतो तो पुष्कळदा स्प्रिंगच्या थरथरीचा असतो. स्प्रिंगला घट्ट चिकट ग्रीसचा पातळ थर दिला की तो विरतो. पण उघडायचं काम स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय करू नका. आतली स्प्रिंग रायफल मोकळी असतानाही दाबलेलीच असते, आणि मागची टोपी सुटली की ती हातात येत नाही, तोंडावर येते.

तुमच्या 27 मध्ये आणखी एक गोष्ट आहे. 1950 च्या दशकानंतरच्या जर्मन 27 ला बहुधा गोळ्यांचा चाप असतो. पिस्टनच्या दांड्याला खाच असते आणि पिंजऱ्यातल्या तीन पोलादी गोळ्या त्या खाचेत बसून पिस्टन अडवून धरतात. चाप ओढला की गोळ्यांना बाहेर सरकायला जागा मिळते आणि पिस्टन सुटतो. इतक्या साध्या, स्वस्तातल्या रायफलीला इतका स्वच्छ सुटणारा चाप कुणीतरी विचार करून दिला, याचं मला अजून कौतुक वाटतं. मित्राच्या 35 ला वाइराउखचा 'रेकॉर्ड' नावाचा चाप असेल तर तोही नावाजलेला आहे, आणि तो बारीक जुळवता येतो. दोन्ही चाप ओळीने ओढून बघा. तुलना करायचीच असेल तर ती इथे करा. पण गोळ्यांचा पिंजरा उघडायचा असेल तर खाली पांढरं फडकं अंथरा. गोळी घरंगळली की शोधताना पुरेवाट होते.

तुलना नीट करायची पद्धतही सांगतो. एकच दिवस, एकच अंतर, म्हणजे दहा मीटर. प्रत्येक रायफलीला आधी तीन-चार जातींचे छर्रे खाऊ घाला आणि तिला कोणता मानवतो ते बघा. जुन्या नळ्या याबाबत फार लहरी असतात, एकीला जो छर्रा अमृत तो दुसरीला विष. मग पाच-पाच छऱ्यांचे पाच गट. दोघांनी दोन्ही रायफली मारायच्या, नाहीतर आपण रायफलींऐवजी माणसांची तुलना करून बसतो. रायफल घट्ट आवळू नका. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे जाते, पिस्टन थांबतो तेव्हा पुढे झेपावते. हा दुहेरी धक्का छर्रा नळीत असतानाच सुरू झालेला असतो. उघड्या तळहातावर रायफल नुसती टेकवा, तिला हवी तशी हलू द्या. दर वेळी सारखीच हलली की छर्रे एका जागी जातात. याच पुढच्या झेपेमुळे बारुदाच्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेली दुर्बीणसुद्धा स्प्रिंग एअर रायफलीवर लवकर खिळखिळी होते. तुम्ही नळीच्या टोकावरच्या माशीवरच नेम धरा, 27 ला तेच शोभतं.

हा धक्का मारण्यासाठी जर्मन कारागिरांनी काय काय केलं ते जमवणाऱ्याला माहीत हवं, कारण इथे हा विषय खरा श्रीमंत होतो. फाइनवेर्कबाउने 1961 च्या मॉडेल 150 मध्ये सगळी यंत्रणाच दस्त्यावरच्या रुळांवर बसवली. छर्रा सुटताना यंत्रणा मागे घसरते, नेमबाजाच्या गालाला काही कळत नाही. आनशुट्झने मॉडेल 250 मध्ये पिस्टनचा धक्का तेलाने जिरवला. डायनाने गिस पद्धत घेतली, एकमेकांच्या उलट धावणारे दोन पिस्टन, एकाचा धक्का दुसरा खातो. मी पहिल्यांदा गिस पद्धतीची मॉडेल 65 खांद्याला लावून चाप ओढला, तेव्हा वाटलं छर्रा सुटलाच नाही. कागदावर भोक बघून विश्वास बसला. पण अशी रायफल घरी उघडायची नाही. दोन पिस्टनांचे दात एका ठरावीक जागीच जुळावे लागतात, आणि ते चुकलं की बसवणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

आता ब्लूइंग आणि पॉलिश. याबद्दल मी जरा हट्टाने बोलणार आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एक जुनी अंडरलिव्हर, म्हणजे नळीखालच्या दांड्याने कॉक होणारी, रायफल एका कारागिराकडे ब्लूइंगला दिली होती. परत आली तेव्हा आरशासारखी चमकत होती. घरी आणून उजेडात धरली, तर सिलिंडरवरची अक्षरं पुसट झालेली. कडा गोल झालेल्या, पेटंटच्या ओळीतले अर्धे आकडे बफच्या चाकाने खाऊन टाकलेले. त्याला काय वाटणार, त्याने सांगितलेलं काम केलं होतं. चूक मी सांगितलं त्यात होती. ती रायफल अजून माझ्याकडे आहे आणि ती कोणत्या वर्षीची हे आता कुणीही सांगू शकत नाही.

म्हणून गंजाच्या ठिपक्यांना फक्त एवढंच करा. सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल पातळ तेलात बुडवून हलक्या बोटांनी फिरवा. लाल गंज उतरेल, खालचं काळपट निळं राहील. काही ठिकाणी खड्डे दिसतील, ते दिसू द्या. दस्ता ओलसर मऊ कापडाने पुसून लगेच कोरडा करा आणि मग थोडं मेण. घासू नका. तुमच्या तिसऱ्या फोटोत दस्त्याच्या डाव्या अंगाला पॉलिश उडालेला जो लांबट डाग आहे, तो गालाचा आहे. बाबा उजव्या खांद्यावरून मारत असणार आणि त्यांचा गाल वर्षानुवर्षं तिथे टेकत असणार. सँडपेपरचे दोन हात फिरवले की तो जाईल, आणि नंतर कुठल्याही पैशाने परत येणार नाही.

दुसऱ्या फोटोत मला स्क्रूंची डोकी दिसली. खाचांच्या कडा सरळ आहेत, कुठे ओरबाडलेलं नाही. म्हणजे ही रायफल आजवर कुणी वाकड्या हाताने उघडलेली नाही. जुनी रायफल विकत घेताना मी सगळ्यात आधी स्क्रूच बघतो. विकणारा काहीही सांगो, स्क्रू बरोबर सांगतात.

जमवायला सुरुवात कशी करावी, हा तुमचा शेवटचा प्रश्न. एक धागा धरा. दिसेल ती घेत सुटलात तर दोन वर्षांत खोली भरेल आणि हाती काही लागणार नाही. तुमच्या घरातच एक सुंदर धागा पडला आहे, मॉडेल 27 स्वतः. ही रायफल वेगवेगळ्या नावांनी जगभर गेली. अमेरिकेत विंचेस्टर 427 आणि हाय-स्कोर 807 या नावांनी. ब्रिटनमध्ये तर गंमतच झाली. डायना हे नाव जर्मनीतल्या राश्टाटच्या कंपनीचं, पण दुसऱ्या महायुद्धानंतर भरपाई म्हणून तिची यंत्रसामग्री आणि नाव स्कॉटलंडच्या मिलब्रोकडे गेलं. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं जर्मन रायफली तिथे 'ओरिजिनल' नावाने विकल्या गेल्या आणि 'डायना' नावाने विकल्या गेलेल्या स्कॉटिश होत्या. 1980 च्या दशकात नाव पुन्हा जर्मनांकडे आलं. एकाच आकड्याच्या दोन रायफली शेजारी ठेवा, एक राश्टाटची, एक मिलब्रोची, आणि चाप, वेल्डिंग, लाकूड बघा. एका रविवारात जितकं शिकाल तितकं दहा पुस्तकांत मिळणार नाही.

दुसरा धागा इंग्लंडचा. लिंकन जेफ्रीजच्या 1904 च्या पेटंटवर बर्मिंगहॅमच्या बीएसएने केलेल्या अंडरलिव्हर रायफली, नळी न मोडता फिरत्या तोटीत छर्रा भरायच्या. तिथून वेब्लीच्या मार्क 3 पर्यंत एक सरळ घराणं आहे. हा धागा महाग आणि भुरळ पाडणारा, म्हणून सुरुवातीला नको.

घेताना मूळ माशी आणि मूळ मागची साइट जागेवर आहे ना बघा. हे बारके भाग हरवले की मिळता मिळत नाहीत. 1970 आणि 80 च्या दशकांतल्या चांगल्या रायफलींबद्दल एक सावधगिरी: फाइनवेर्कबाउ 124 सारख्यांचे मूळ सिंथेटिक वॉशर काळाने भुगा होतात. रायफल बाहेरून नवीकोरी आणि छर्रा नळीतच अडकतो. घाबरू नका, नवा वॉशर बसतो, पण भाव करताना ते धरा. सत्तर वर्षांचं चामडं तेलाने जिवंत होतं आणि चाळीस वर्षांचं प्लास्टिक चुरा होतं, हे बघून मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

थोडं ठेवण्याबद्दल. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत कायमची ठेवू नका, ओल धरते. हाताळली की तेलाच्या फडक्याने पुसा, बोटांचा घाम दोन दिवसांत गंज आणतो. कॉक करून कधी ठेवू नका. छर्रा न भरता चाप ओढू नका. नळी मोडलेली असताना चापाला बोटही लावू नका. जुन्या रायफलीत ते रोखणारा खटका नसतो. नळी फटकन वर येते, दस्ता चिरतो, मध्ये बोट असेल तर बोट जातं. रायफल कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात. मारताना डोळ्यांना चष्मा आणि निशाण्यामागे छर्रा जिरवणारं काहीतरी जाडजूड.

आणि आता ते राहिलेलं. बाबांनी रायफल कधी घेतली हे कुणाला माहीत नाही, असं तुम्ही लिहिलंत. चौथ्या फोटोत सिलिंडरवर डायनाची खूण स्पष्ट आहे, ती देवी जी धनुष्यबाण टाकून देऊन एअरगन डोक्यावर उंच धरून उभी आहे. जर्मनीत विकायच्या रायफलींवर 1970 पासून पंचकोनात 'एफ' अक्षर येऊ लागलं, ते मला फोटोत दिसत नाही. पण तेवढ्यावरून निकाल देता येत नाही, बाहेरदेशी गेलेल्यांवर ते नसूही शकतं. त्याहून चांगला पुरावा जवळच आहे. राश्टाटच्या रायफलींवर बहुधा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, सिलिंडरच्या डाव्या बाजूला, मागच्या टोकाशी, अगदी लाकडाच्या कडेला. तुमच्या फोटोत नेमकी तीच जागा काळ्या चिकट मळाखाली झाकलेली आहे. बफचं चाक सगळ्यात आधी फिरलं असतं तेही तिथेच. मऊ कापडाला दोन थेंब तेल लावून मळ हळूहळू पुसा, खरवडू नका. मग खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च आडवी धरा आणि भिंगातून बघा. बारीक अंकांच्या दोन जोड्या दिसतील, पहिली महिन्याची, दुसरी वर्षाची. दिसल्या की मला कळवा.